समुद्रकाठची इमारत आणि एक इंच काँक्रीट



या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, संगीत अशा विषयांवर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून जातात. मी विद्वान नाही, आणि इंजिनियरही नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते बांधकाम मजुरांची संघटना करताना त्यांच्या खोपटांत बसून, आणि नगर वाचनालयातली पुस्तके घरी नेऊन शिकलो. मजुराच्या वतीने मालकाशी भांडावयाचे तर मजूर जे काम करतो ते काय आहे, हे मालकाइतके तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे. या गरजेपोटी मी काँक्रीटची पुस्तके उघडली, आणि वाचता वाचता त्या विषयाची गोडी लागली. त्या गोडीतला थोडा वाटा आज आपल्याला द्यावा, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. या म्हणीतला 'पाहावे' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आपले आजोबा घर बांधीत तेव्हा ते खरोखरच पाहात. गवंडी पायात कोणता दगड बसवतो, चुना किती दिवस भिजवतो, सुतार कोणते लाकूड आणतो, हे ओट्यावर बसून पाहात. आज आपण घर बांधीत नाही, विकत घेतो. आपल्यापैकी किती जणांची मुले मुंबईला, ठाण्याला, नव्या मुंबईला फ्लॅट घेऊन आहेत! त्यांतल्या एकाने तरी आपल्या घराचा स्लॅब भरताना पाहिला आहे का? आपण नमुन्याचा फ्लॅट पाहतो, फरशी पाहतो, नळ फिरवून पाहतो. आणि खिडकीतून समुद्र दिसत असेल तर मग दुसरे काही पाहण्याचे भानच राहात नाही. त्या समुद्राचे पैसे चौरस फुटाच्या हिशेबात आधीच लावलेले असतात, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा आज आपण खिडकीतून बाहेर पाहण्याऐवजी त्या इमारतीच्या आत पाहू या.

समुद्रकाठी उंच इमारत उभी करावयाची म्हणजे पहिला प्रश्न जमिनीचा. मुंबईचा मरीन ड्राइव्ह आपण सर्वांनी पाहिला आहे. ती सगळी जमीन समुद्र हटवून, भराव घालून केलेली आहे, आणि तिच्यावरच्या इमारती मुख्यतः १९३० ते १९५० च्या दरम्यान उठल्या. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या या इमारतींना, जुन्या गॉथिक इमारतींच्या बरोबरीने, जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्या इमारती पाचसहा मजल्यांच्या. आजच्या इमारती चाळीस, पन्नास, साठ मजल्यांच्या. एवढे ओझे भरावावर किंवा खाडीच्या चिखलावर टेकवता येत नाही. म्हणून यंत्राने खोल भोके पाडून खालच्या काळ्या पाषाणापर्यंत जावे लागते. भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइट नावाच्या मातीचे दाट पाणी भरून ठेवतात. मग सळयांचा पिंजरा आत सोडतात, आणि लांब नळी तळापर्यंत नेऊन काँक्रीट खालून वर भरत आणतात. जसजसे काँक्रीट चढते, तसतसे ते मातकट पाणी वरून बाहेर पडते. हा झाला पाइल. अशा अनेक पाइलांच्या डोक्यांवर इमारत उभी राहते.

तळघरात मोटारी ठेवावयाच्या असल्या तर आणखी एक गंमत होते. किनाऱ्याजवळ जमिनीतले पाणी फार वर असते. मोकळे तळघर त्या पाण्यात रिकाम्या होडीसारखे असते, पाणी त्याला खालून वर ढकलते. इमारतीचे वजन वर चढेपर्यंत त्या होडीला धरून ठेवावे लागते. आपण एवढी वर्षे समजत होतो की, इमारत खचू नये याचीच काळजी घ्यावयाची असते. समुद्रकाठी ती वर उचलली जाऊ नये, याचीही घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. मुंबईसाठी भारतीय मानकाने मूळ हिशेबाचा वारा धरला आहे सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. फार उंच इमारतीची लहान प्रतिकृती करून ती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासतात. लिफ्ट आणि जिने यांच्याभोवती काँक्रीटच्या जाड भिंती घालतात. तोच इमारतीचा कणा. वारा ढकलू लागला की मुख्यतः तो कणा इमारतीला सावरून धरतो.

हे सगळे काम मोठे आहे, आणि ते करणाऱ्या इंजिनियरांविषयी मला मनापासून आदर आहे. पण मी आज ज्या शत्रूविषयी बोलणार आहे तो वाऱ्यासारखा गर्जत येत नाही. तो शत्रू आहे मीठ.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. लाटा फुटतात, त्यांचे बारीक तुषार हवेत मिसळतात, आणि ज्या वाऱ्यासाठी आपण पैसे मोजलेले असतात तोच वारा ते मीठ आपल्या सज्जात आणून ठेवतो. काँक्रीट दाब सहन करते, पण ताण सहन करीत नाही. म्हणून त्यात पोलादाच्या सळया घालतात. काँक्रीटच्या आत अल्कली असते, तिच्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ कवच तयार होते, आणि ते शाबूत असेपर्यंत सळई गंजत नाही. मीठ पाण्याबरोबर काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत झिरपते आणि सळईपर्यंत पोहोचले की ते कवच फोडते. मग गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो. प्रथम केसासारखी चीर, मग तांबूस डाग, मग पोपडा, आणि एक दिवस छताचा तुकडा खाली. वाडा जुना झाला म्हणजे जसा माणसाला सूचना देतो तशी ही इमारतही देते. फक्त ती सूचना येईपर्यंत आतले नुकसान पुष्कळ पुढे गेलेले असते.

या मिठाला अडवणारे काय? सळईच्या बाहेरचे काँक्रीट. त्याला कारागीर 'कव्हर' म्हणतात. आपल्याकडे आय. एस. ४५६ ही काँक्रीटची संहिता आहे. २००० साली सुधारलेल्या या संहितेत इमारत कोणत्या हवेत उभी आहे यावरून पाच वर्ग पाडले आहेत. सौम्य हवेत २० मिलिमीटर कव्हर पुरते. किनाऱ्याच्या उघड्या हवेत ४५ लागते. जेथे समुद्राचे तुषार अंगावर येतात तेथे ५०, आणि भरतीओहोटीच्या पट्ट्यात ७५. सर्वसाधारण धरून चाला की समुद्रकाठच्या घराचे आयुष्य दोन इंच काँक्रीटच्या आड राहते.

आता एक हिशेब सांगतो. हे दोन इंच कमी होऊन एकच इंच उरला, तर इमारतीचे आयुष्य किती कमी होईल? आपण म्हणाल, निम्मे. मीही प्रथम तसेच समजत होतो. परंतु मीठ आत शिरण्याची रीत अशी आहे की, जाडी दुप्पट झाली तर पोहोचण्यास वेळ साधारण चौपट लागतो. म्हणजे जाडी निम्मी झाली तर वेळ पाव उरतो. जे मीठ सळईपर्यंत जाण्यास ६० वर्षे लागली असती ते १५ वर्षांत जाते. एका इंचाने ४५ वर्षे गेली! आणि तो इंच गेला हे गिलावा आणि रंग झाल्यावर कोणत्याही डोळ्याला दिसत नाही.

मग हा इंच राखतो कोण? तो संहितेत लिहिलेला असतो आणि नकाशावर काढलेला असतो. पण तो प्रत्यक्षात राखतो सळया बांधणारा फिटर. सळयांची जाळी शटरिंगच्या फळीवर टेकू नये म्हणून तिच्याखाली तो काँक्रीटचे छोटे चौकोनी ठोकळे बसवतो. त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. चाळीस मजल्यांच्या इमारतीत बहुधा याच्याइतकी स्वस्त वस्तू दुसरी नसेल. तो ब्लॉक जागेवर असला तर इंच आहे, घसरला तर इंच गेला.

मागे एका समुद्रकाठच्या कामावर मी मजुरांची हजेरीपत्रके पाहावयास गेलो होतो. ठेकेदाराचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथे एक वयस्क फिटर मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, काल स्लॅबला ब्लॉक कमी पडले. मी मुकादमाला सांगितले. तो म्हणाला, खडीचे तुकडे लाव. मिक्सरच्या गाड्या फाटकाशी उभ्या आहेत." मी विचारले, "मग तुम्ही काय केलेत?" तो म्हणाला, "खडी लावली. नाही लावली तर उद्यापासून मी नाही."

या एका वाक्यात सगळा विषय येतो. तयार काँक्रीटची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली की घड्याळ सुरू होते, कारण ते काँक्रीट फार वेळ थांबत नाही. इमारतीच्या कामात बिल्डर असतो, त्याच्याखाली ठेकेदार, त्याच्याखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम, आणि सगळ्यांच्या खाली तो फिटर. त्याला मजुरी मिळते बांधलेल्या सळईच्या वजनावर. ब्लॉक नीट बसवण्यास जो वेळ जातो त्याचे त्याला काहीच मिळत नाही. कोणी म्हणेल, मजूर कामचुकार असतात. मी म्हणतो, ज्या कामाचा मोबदला शून्य आहे आणि जे करू म्हटले तर नोकरी जाते, ते काम मजुराने आपल्या पोटाला चिमटा घेऊन करावे, अशी अपेक्षा धरूनच आपण समुद्रकाठी साठ मजले चढवीत आहोत काय?

तीच गोष्ट पाणी मारण्याची. काँक्रीट भरले म्हणजे झाले असे नाही. ते ओले ठेवावे लागते, त्याशिवाय ते घट्ट होत नाही. संहिता साध्या सिमेंटला किमान ७ दिवस सांगते. उष्ण कोरड्या हवेत १०. मीठ अडवण्यासाठी सिमेंटमध्ये भट्टीची मळी किंवा फ्लाय अ‍ॅश मिसळतात. ती चांगली वस्तू आहे, छिद्रे बारीक करते. पण तिला पाणी अधिक दिवस लागते. संहितेची शिफारस १४ दिवसांची. आता वैशाखात पंचविसाव्या मजल्यावर गोणपाट ओले ठेवणारा माणूस हा कामावरचा सर्वांत कमी मजुरीचा बिगारी असतो. बहुतेक वेळा ती एखादी बाई असते. टँकर आला नाही की आधी तिचे पाणी बंद होते. कोठे कोठे बोअरचे मचूळ पाणीच मारतात, म्हणजे ज्या शत्रूला बाहेर ठेवावयाचे त्याला आपल्याच हाताने घरात घेतात. इमारतीचा मसाला कितीही उंची असो, ती किती वर्षे टिकेल याचा बराचसा निकाल या बाईच्या हातात असतो, आणि तिचे नाव कामाच्या कोणत्याही कागदावर नसते.

हे सारे भय निष्कारण आहे असे कोणास वाटेल. म्हणून एक उदाहरण सांगतो. ते आपल्या देशातले नाही. अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतात मायामीजवळ सर्फसाइड नावाचे गाव आहे. तेथे अगदी समुद्राच्या वाळूला लागून 'चॅम्पलेन टॉवर्स साउथ' ही बारा मजल्यांची, १३६ फ्लॅटांची इमारत होती. १९८१ साली बांधलेली. राहणारे सुखवस्तू लोक. २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास, सगळे झोपेत असताना इमारतीचा मोठा भाग काही सेकंदांत कोसळला. ९८ माणसे मेली. ना वादळ होते, ना भूकंप.

हे अचानक झाले काय? नाही. पोहण्याच्या तलावाभोवती जो मोकळा चौक होता त्याच्याखाली मोटारी ठेवण्याचे तळघर होते. २०१८ साली एका इंजिनियरने तपासणी करून लिहून दिले होते की, चौकावरचा पाणीरोधक थर सपाट घातला आहे, त्याला उतार नाही, म्हणून पाणी वाहून जात नाही, साचून राहते, आणि खालच्या स्लॅबचे मोठे नुकसान झाले आहे. आपल्याकडे गच्चीवर कोबा घालणारा साधा गवंडीसुद्धा उतार सोडतो! एप्रिल २०२१ मध्ये सोसायटीच्या अध्यक्षांनी रहिवाशांना कळवले की, नुकसान आणखी वाढले आहे. दुरुस्तीचा खर्च दीड कोटी डॉलर, प्रत्येक फ्लॅटवर हजारो डॉलर. वर्गणीवरून वाद झाले, काम लांबले. पैसे भरण्याची मुदत होती १ जुलै. इमारत आठवडाभर आधीच पडली.

मी येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, दोष केवळ गंजाचा नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने तपासात दाखवून दिले की, त्या चौकाचा आराखडाच अनेक ठिकाणी त्या वेळच्या नियमांहून दुबळा होता. त्यावर झाडांच्या अवजड कुंड्या आणि फरशांचे थर यांचे ओझे पडले होते, आणि काही ठिकाणी सळया गंजल्या होत्या. त्या चौकाला तुळया नव्हत्या. स्लॅब सरळ खांबांवर टेकलेला होता. अशा स्लॅबला धोका असा की, ताणलेल्या कागदातून पेन्सिल आरपार जावी तसा खांब स्लॅबमधून आरपार जातो. म्हणजे कागदावरची चूक, बांधणीतली उणीव आणि दुरुस्तीतली दिरंगाई अशा तिघींनी मिळून ती इमारत पाडली. एकटी असती तर कोणती तरी एक कदाचित पचलीही असती. म्हणूनच प्रत्येक पायरीवर 'थांबा' म्हणू शकणारा कोणीतरी माणूस असला पाहिजे, आणि त्याने तसे म्हटल्यावर त्याची भाकरी जाता कामा नये.

आता आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधणीचा दोष आढळला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दूर केला पाहिजे. कायदा चांगला आहे, मी त्याचे स्वागतच करतो. पण मिठाला घाई नसते. गेलेला इंच दहाव्या, पंधराव्या वर्षी बोलू लागतो, आणि तेव्हा बिल्डरची जबाबदारी संपलेली असते. उलट बाजूने मुंबई महापालिकेच्या कायद्यात ३० वर्षांवरील इमारतींची मजबुती तपासून घेण्याची सक्ती आहे. पाच आणि तीस यांच्यामध्ये पंचवीस वर्षे उरतात. समुद्रकाठी सळई गंजते ती बहुधा याच पंचवीस वर्षांत, आणि या काळात इमारतीला विचारणारा तिच्यात राहणाऱ्यांखेरीज दुसरा कोणी नसतो.

आणि बांधणाऱ्यांसाठी काय आहे? देशातील संघटनांनी बरीच वर्षे चळवळ केल्यानंतर १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यावयाचा आणि तो कामगारांच्या कल्याणावर खर्च करावयाचा, असे ठरले. महाराष्ट्रात त्याचे नियम यावयास २००७ साल उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात नमूद केले आहे की, देशभर ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमला आणि त्यातले सुमारे ९,५०० कोटीच कामगारांसाठी वापरले गेले. आता हा कायदा २०२० च्या श्रमसंहितांत सामावला गेला आहे, आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. उपकर तेथेही आहे. प्रश्न तोच राहतो, की तो पैसा त्या पंचविसाव्या मजल्यावरच्या बाईपर्यंत पोहोचणार केव्हा?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. स्लॅब भरण्यापूर्वी कव्हर मोजले जावे आणि त्या कागदावर इंजिनियरच्या सहीशेजारी फिटरचीही सही असावी. ज्याची सही लागते त्याला हाकलून देणे इतके सोपे राहात नाही. सळईच्या वजनाबरोबर ब्लॉक बसवण्याची आणि पाणी मारण्याची मजुरी वेगळी लावावी. उपकराच्या पैशातून कारागिरांसाठी शिक्षणाचे वर्ग कामाच्या जागीच चालवावेत. आणि तुमच्याकडे, घर घेणाऱ्यांकडे, एक मागणे आहे. नमुन्याचा फ्लॅट पाहण्यास जाल तेव्हा नळाबरोबर एवढेही विचारा, की कव्हर किती ठेवलेत, पाणी किती दिवस मारलेत, आणि याची नोंद कोठे आहे? बिल्डरला मजुराचा प्रश्न ऐकू येत नाही, गिऱ्हाइकाचा ताबडतोब ऐकू येतो. आणि घर झाल्यावर सोसायटीच्या सभेत सिंकिंग फंडाचा विषय निघाला की चहा पिण्यास उठू नका. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी त्या फंडात टाकावयाचा असतो. सर्फसाइडनंतर फ्लोरिडाने २०२२ साली इमारतींच्या तपासणीचे आणि राखीव निधीचे बंधन घातले, पण त्याची किंमत ९८ माणसांनी आधीच मोजली होती.

आजवर मजुरांच्या सभेत मी मजुरीविषयी बोललो, आणि घरवाल्यांच्या सभेत कोणी मला बोलावले नाही. आज या व्याख्यानमालेने ते केले, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. मला एवढेच सांगावयाचे होते की, हे दोन वेगळे विषय नाहीत. त्या फिटरला ब्लॉक बसवण्यास मिळालेली दहा मिनिटे आणि तुमच्या नातवंडांच्या डोक्यावरचे छत ही एकाच हिशेबाची दोन अंगे आहेत. तो हिशेब आपण दोघांनी मिळून मागावयाचा आहे.